नळीत राहणारे आद्य समुद्री कृमी: जीवाश्मांचा पुरावा काय सांगतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रातले मऊ अंगाचे प्राणी स्वतःभोवती नळी बांधून राहायला कधी लागले आणि हे आपल्याला कळतं कसं, याबद्दल विद्यार्थी, शिक्षक आणि हौशी वाचक नेहमी विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळ्या उत्तरांमागे एकच मुद्दा आहे. रिकामी नळी फार थोडं सांगते. आतला प्राणी सापडला की मगच गोष्ट सुरू होते, आणि पुष्कळदा ती आपण धरून चाललेलो असतो त्यापेक्षा वेगळीच निघते.

नळीत राहणारा कृमी म्हणजे नेमका कोणता प्राणी?

हा कुठला एक प्राणी नाही, ही राहण्याची एक रीत आहे. अंग मऊ, कवच नाही, पळून जाण्याइतका वेग नाही, अशा प्राण्याने अंगातून पाझरणाऱ्या द्रव्याची नळी तयार करायची, किंवा त्या द्रव्यात वाळूचे आणि शिंपल्यांचे कण चिकटवून ती बांधायची, आणि तिच्यातच आयुष्य काढायचं. एकमेकांशी लांबचंही नातं नसलेल्या अनेक प्राणिगटांनी ही रीत स्वतंत्रपणे उचलली आहे.

आजचं उदाहरण कोकणात ओहोटीच्या वेळी हाताशी असतं. कालवांच्या पाठीवर, जेट्टीच्या खांबांवर, बरेच दिवस पाण्यात राहिलेल्या होडीच्या बुडाला पांढऱ्या, वेड्यावाकड्या वळणांच्या नळ्या चिकटलेल्या दिसतात. नखाने खरवडून त्या निघत नाहीत. नळीचा बराचसा भाग शिंपल्याला घट्ट धरून असतो आणि टोक तेवढं थोडं वर उचललेलं असतं. या सर्प्युलिड गटातल्या कृमींच्या चुनखडीच्या नळ्या. पाणी चढलं की त्या टोकातून बारीक तंतूंचा झुबका बाहेर येतो आणि पाण्यातले अन्नकण टिपतो. सावली पडली तर क्षणात आत जातो, आणि अनेक जातींत त्याच्या मागोमाग नळीचं तोंड एका बुचाने बंद होतं.

आता या कालवाची साठ कोटी नव्हे, नुसती साठ लाख वर्षं गेली असं धरा. तंतू, बूच, कृमी सगळं कुजून गेलेलं असेल. उरेल ती नळी. अभ्यासकांची अडचण इथूनच सुरू होते.

नळी आणि बीळ यांत फरक काय? दोन्ही दगडात गोलच दिसतात ना?

दिसतात, आणि त्यावरून गल्लत होते. नळी ही प्राण्याने बांधलेली वस्तू असते, तिला स्वतःची भिंत असते आणि ती उखडून वाहत दुसरीकडे जाऊ शकते. बीळ ही गाळात केलेली पोकळी असते. तिच्यात नंतर वेगळा गाळ भरतो आणि तो खडकात जागच्या जागी गोठतो. बिळाचा जीवाश्म हा वागण्याचा ठसा असतो, शरीराचा नव्हे.

वायव्य स्कॉटलंडमध्ये कॅम्ब्रियन काळातला एक पांढरट क्वार्ट्झाइट आहे, त्याला ‘पाइप रॉक’ म्हणतात. दगडाच्या उभ्या काप्यात शेजारी शेजारी सरळ रेषा उतरलेल्या दिसतात आणि वरून पाहिलं तर सगळ्या पृष्ठभागावर गोल ठिपके. ही स्कोलिथॉस नावाची बिळं. कुणीतरी लांबट प्राणी उथळ समुद्राच्या वाळूत उभे राहत होते, एवढं ती खात्रीने सांगतात. तो कृमी होता की आणखी कुणी, त्याला तोंडाभोवती तंतू होते की नव्हते, हे मात्र त्यांच्यावरून कळत नाही.

बिळांना कमी लेखायचं कारण नाही. कॅम्ब्रियन कालखंडाची सुरुवातच एका बिळावर ठरवली आहे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर फॉर्च्युन हेड इथे ट्रेप्टिक्नस पेडम नावाची वळणावळणाची बिळं ज्या पातळीवर सुरू होतात, ती १९९२ मध्ये कॅम्ब्रियनची अधिकृत तळरेषा म्हणून मान्य झाली. तिचं वय सुमारे ५३.९ कोटी वर्षं धरतात.

नळीचा सगळ्यात जुना ठळक पुरावा कोणता?

क्लाउडिना. नामिबियातल्या नामा समूहाच्या चुनखडकातून जेरार्ड जर्म्स यांनी १९७२ मध्ये तिचं वर्णन केलं आणि प्रेस्टन क्लाउड या भूशास्त्रज्ञाच्या नावावरून तिला नाव दिलं. काळ एडियाकरनचा शेवटचा टप्पा, म्हणजे साधारण ५५ ते ५३.९ कोटी वर्षांपूर्वीचा. कॅम्ब्रियन अजून उजाडायचा होता. पुढे चीन, ओमान, स्पेन, ब्राझील, पॅराग्वे, सायबेरिया, अमेरिकेतलं नेव्हाडा अशा ठिकठिकाणी ती सापडली. जवळपास सगळ्या जगाच्या उथळ समुद्रांत पसरलेला हा प्राणी होता.

नळी काही मिलिमीटर रुंद, थोडी वाकडी, आणि रचना चटकन ओळखू येणारी: फुलपात्रं एकात एक बसवून उभी केली तर जशी दिसतील तशी. प्राणी वाढला की जुन्या पात्राच्या आत नवं पात्र तयार करायचा आणि त्याची कड थोडी वर काढायचा. दोन पात्रांच्या भिंतींमध्ये फट राहायची. नळी आडवी कापून पाहिली तर म्हणूनच एका वर्तुळात दुसरं, किंचित बाजूला सरकलेलं वर्तुळ दिसतं. सांगाड्यासारखा टणक भाग तयार करणाऱ्या पहिल्यावहिल्या प्राण्यांमध्ये क्लाउडिनाची गणना होते, आणि तिचं महत्त्व त्यासाठीच.

२०१४ मध्ये नामिबियातल्याच खडकांवरून असं मांडलं गेलं की क्लाउडिना एकमेकींना चिकटून सुमारे ५४.८ कोटी वर्षांपूर्वी खडकाळ भित्ती उभारत होत्या. २०१८ मध्ये अक्षय मेहरा आणि ॲडम मालूफ यांनी नमुन्याचा एकेक पातळ थर घासत, प्रत्येक थराचं छायाचित्र घेत, संगणकावर त्याची त्रिमितीय रचना उभी केली. त्यांना दिसलं ते असं की त्यातल्या नळ्या वाढत्या अवस्थेत एकमेकींना धरून नव्हत्या, त्या तुटून वाहत येऊन साचलेल्या होत्या. भित्तीचा वाद अजून धगधगता आहे. मला दुसऱ्या अभ्यासाची पद्धत जास्त पटते, कारण सपाट काप्यात शेजारी दिसणाऱ्या दोन नळ्या प्रत्यक्षात एकमेकींना शिवतही नसतील, हे तिने लक्षात घेतलं आहे.

क्लाउडिना हा कृमीच होता, हे कशावरून?

बरीच वर्षं कशावरूनच नाही. प्रवाळांच्या गोत्यातला प्राणी की कृमी, असे दोन पक्ष होते आणि दोघांकडे नळीशिवाय काही नव्हतं.

२०२० च्या जानेवारीत जेम्स शिफबाउअर आणि सहकाऱ्यांनी नेव्हाडातल्या वुड कॅनियन थरांमधले, क्लाउडिनाशी मिळत्याजुळत्या प्राण्यांचे नमुने प्रसिद्ध केले. जीवाश्म पायराइटचे, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाचे होते. अखंड नमुना न फोडता क्ष-किरणांच्या सूक्ष्म सीटी स्कॅनने आत पाहिलं तेव्हा बाहेरच्या नळीच्या आत आणखी एक सलग, बारीक, दंडगोल आकृती दिसली. ती आतड्याची असावी, असा त्यांचा निष्कर्ष आहे. प्रवाळवर्गीय प्राण्याला असं लांब सलग आतडं नसतं, त्याला एकच तोंड असलेली पिशवी असते. तोंडापासून गुदद्वारापर्यंत जाणारं आतडं हे कृमींचं, आणि आपलंही, लक्षण.

या एका अभ्यासाने पारडं कृमींच्या बाजूला झुकलं. तरी हे नमुने क्लाउडिनाच्या नात्यातले आहेत, खुद्द नामिबियातली क्लाउडिना नव्हेत, हे विसरू नये.

नळी सापडली म्हणजे कृमी सापडला, असं धरायला हरकत काय?

हरकत मोठी आहे. ती चार उदाहरणांवरून स्पष्ट होते, आणि चारही जीवाश्म चीनच्या युन्नान प्रांतातले आहेत किंवा तिथेही सापडणाऱ्या गटातले.

गांगतौकुनिया ही कॅल्शियम फॉस्फेटची नळी. तिच्यात कुणी कृमी राहत असेल असाच कल होता. २०२२ मध्ये मऊ भाग टिकलेले मोजके नमुने प्रसिद्ध झाले, सुमारे ५१.४ कोटी वर्षांपूर्वीचे. आत तोंडाभोवती साधे, शाखा नसलेले तंतू आणि एकाच बाजूने उघडणारी, कप्पे पडलेली पचनपिशवी. म्हणजे हा जेलीफिशच्या कुळातला प्राणी, खडकाला धरून राहणाऱ्या अवस्थेतला. बाहेरून नळी, आत कृमी नाही.

फॅसिव्हर्मिस हा चेंगजियांगच्या थरांतला, सुमारे ५१.८ कोटी वर्षांपूर्वीचा. लांब अंग, पुढच्या बाजूला काटेरी हातांच्या पाच जोड्या. त्याच्या नातेसंबंधांवर बरीच वर्षं वाद होता. २०२० मध्ये एक नमुना पुढे आला, ज्यात अंगाचा मागचा भाग नळीत होता. त्यावरून ठरलं की हा पाय असलेल्या लोबोपॉड प्राण्यांपैकी आहे, नळीत राहायला लागल्यावर मागचे पाय गमावलेला. आकाराने कृमी, वंशाने मखमली कृमी आणि संधिपादांच्या जवळचा.

सेल्किर्किया हा प्रायापुलिड, म्हणजे काटेरी सोंडेच्या समुद्री कृमींच्या नात्यातला. निमुळती, आडव्या वलयांची नळी, दोन्ही टोकांना उघडी. पुढच्या टोकातून काटेरी सोंड बाहेर. कॅनडातल्या बर्जेस शेल या कॅम्ब्रियन थरांमध्ये मात्र त्याच्या बहुसंख्य नळ्या रिकाम्या सापडतात. मोरोक्कोतल्या, कॅम्ब्रियननंतरच्या ऑर्डोव्हिशियन काळातल्या फेझुआटा थरांमधूनही २०२४ मध्ये त्याची एक जात नोंदली गेली. ही रीत कॅम्ब्रियनबरोबर संपली नव्हती.

चौथं उदाहरण सगळ्यांत सावध करणारं. २०२१ मध्ये ग्वानशान जीवसमूहातले प्रायापुलिड कृमी हायोलिथ नावाच्या दुसऱ्याच प्राण्याच्या शंक्वाकार कवचात बसलेले सापडले, आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. आज शंख पाठीवर घेऊन फिरणारे साधू खेकडे करतात तेच हे कृमी करत होते. म्हणजे आत प्राणी मिळाला तरी नळी त्यानेच बांधली असेल असं नाही!

स्पार्टोब्रँकस टेनुइस इतका महत्त्वाचा का मानतात?

बर्जेस शेलमधल्या या बारीक कृमीमुळे पाठ्यपुस्तकातल्या एका जुन्या कोड्याचा दुवा मिळाला.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्राण्यांचं वर्गीकरण शिकलेल्यांना अर्धसमपृष्ठरज्जू प्राणी आठवत असतील: बॅलॅनोग्लॉसस, सॅकोग्लॉसस. शरीराचे तीन भाग: सोंड, गळपट्टी आणि प्रकांड. श्वसनासाठी कल्लाविदरं. यांना ॲकॉर्न कृमी म्हणतात. ते बहुतांशी समुद्रतळाच्या वाळूत-चिखलात बिळं करून राहतात. याच संघात दुसरा गट आहे टेरोब्रँक प्राण्यांचा. ते जेमतेम काही मिलिमीटरचे, वसाहतीने राहणारे, डोक्याशी तंतुमय हात असलेले आणि स्वतः पाझरलेल्या नळ्यांत राहणारे. एकाच संघातले दोन गट, पण ना आकार जुळतो, ना राहणी. एकापासून दुसरा झाला कसा, याचा मधला जीवाश्मच नव्हता. ॲकॉर्न कृमींचं अंग इतकं मऊ की ते खडकात सहसा टिकत नाहीत.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, योहो राष्ट्रीय उद्यानात, बर्जेस शेल आहे. चार्ल्स वॉलकॉट यांना तो १९०९ मध्ये सापडला. थर सुमारे ५०.८ कोटी वर्षांपूर्वीचे. बारीक चिखलाच्या लोंढ्यांखाली प्राणी झटक्यात गाडले गेले, म्हणून मऊ अंगाचे ठसेही राहिले. वॉलकॉट यांनी १९११ मध्ये एका बारीक कृमीला नाव दिलं आणि त्याला ओटोइया या प्रायापुलिड प्रजातीत घातलं. नंतर शंभर वर्षं हा कृमी संग्रहालयाच्या खणांमध्ये हजारोंच्या संख्येने होता, आणि कुणी त्याचं सविस्तर वर्णन केलं नाही.

२०१३ च्या मार्चमध्ये ज्याँ-बर्नार कॅरॉन, सायमन कॉनवे मॉरिस आणि क्रिस कॅमेरॉन यांनी ते ‘नेचर’मध्ये केलं आणि त्याला स्पार्टोब्रँकस हे नवं प्रजातिनाम दिलं. नमुना कसा दिसतो ते सांगायला हवं. करड्या-काळ्या दगडावर एक चपटी, गडद पट्टी, बारीक आणि नागमोडी. एका कोनातून उजेड पडला की ती दगडात मिसळून जाते. कोन बदलला की कार्बनचा पातळ थर चमकतो आणि मग पुढच्या टोकाला आखूड सोंड, तिच्यामागे अरुंद गळपट्टी, त्यामागे लांब प्रकांडावर कल्ल्यांच्या आडव्या पट्ट्या एकेक करून दिसायला लागतात. मागचं टोक किंचित फुगलेलं आहे. नळीत धरून राहायला त्याचा उपयोग होत असावा. एवढं पाहिलं की हा ॲकॉर्न कृमी आहे हे प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही कळतं.

काही नमुन्यांत या कृमीभोवती तंतूंची बनलेली नळी आहे. कधी सरळ, कधी वेटोळी, आणि काही ठिकाणी फाटे फुटलेली. तोवर माहीत असलेल्या एकाही ॲकॉर्न कृमीला अशी नळी नव्हती. अंग ॲकॉर्न कृमीचं आणि राहणी टेरोब्रँकची असा प्राणी प्रथमच समोर आला. त्यावरून लेखकांनी मांडलेला क्रम असा: आधी मोठ्या आकाराच्या, एकट्याने राहणाऱ्या कृमींनी नळी बांधायला सुरुवात केली. अंग लहान होणं, तंतुमय हात येणं आणि वसाहत करून राहणं या गोष्टी नंतरच्या.

यात एक भर त्याच वर्षी पडली. २०१३ च्या शेवटी अंटार्क्टिकाच्या खोल समुद्रतळावरचे आजचे ॲकॉर्न कृमीही नळ्या तयार करतात, असं छायाचित्रांवरून आणि गोळा केलेल्या नमुन्यांवरून प्रसिद्ध झालं. बर्जेस शेलमधली रीत अगदीच लुप्त झालेली नाही, हे त्यामुळे कळलं.

मार्गारेशिया हे शैवाल होतं ना? त्याचा कृमीशी काय संबंध?

माझ्या मते या सगळ्या विषयात हे उदाहरण सर्वांत शिकवणारं आहे.

बर्जेस शेलमध्ये मार्गारेशिया नावाचा एक लांब, पोकळ, दंडगोल जीवाश्म सापडायचा. त्याच्या भिंतीवर वळसे घेत वर जाणाऱ्या ओळींत लंबगोल भोकं. रूप वनस्पतीसारखं, म्हणून तो हिरव्या शैवालांत टाकलेला होता. त्याच खडकांत ओएसिया डिसजंक्टा नावाचा कृमीही होता, वॉलकॉट यांनी १९११ मध्येच नोंदलेला. त्याला कुणी वलयी कृमी म्हटलं, कुणी ट्युनिकेट, कुणी बाणकृमी. शैवाल एका फडताळात, कृमी दुसऱ्या फडताळात.

मग २०१२ मध्ये कूटनी राष्ट्रीय उद्यानातलं मार्बल कॅनियन हे नवं ठिकाण सापडलं. तिथल्या विपुल नमुन्यांत पुन्हा पुन्हा एकच दृश्य: ‘शैवालाच्या’ आत ओएसिया. कर्मा नांग्लू, कॅरॉन, कॉनवे मॉरिस आणि कॅमेरॉन यांनी २०१६ मध्ये दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या. मार्गारेशिया ही वनस्पती नव्हती, ती ओएसियाने बांधलेली नळी होती. आणि ओएसिया हा आद्य अर्धसमपृष्ठरज्जू प्राणी होता.

हे कळताच भोकांचा अर्थही लागला. ओएसियाच्या प्रकांडाचा फार मोठा भाग कल्लाविदरांनी व्यापलेला आहे. एवढ्या कल्ल्यांतून पाणी गाळून अन्न मिळवायचं तर पाणी आत यायला आणि बाहेर जायला वाट हवी. ती वाट म्हणजे नळीची भोकं. मागच्या टोकाला पकडून ठेवणारा अवयव होता, त्यामुळे प्रवाहातही प्राणी आत टिकून राहायचा. समुद्रतळावर उभी नळी, आत पाणी गाळणारा कृमी, असं ते चित्र आहे. एरवी शैवालाची म्हणून मोजलेली प्रत्येक नळी त्या समुद्राच्या हिशोबात वनस्पतीच्या खात्यातून काढून प्राण्याच्या खात्यात घालावी लागली.

मेल्यावर गाळाबरोबर कृमी नळीत ढकलला गेला असेल, असं का नाही?

हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि अभ्यासक तो आधी स्वतःला विचारतात. एकाच नमुन्यावर कुणी विसंबत नाही. पाहायचं ते असं: एकाच जातीचा प्राणी एकाच प्रकारच्या नळीत वारंवार सापडतो का? त्याच्या अंगाची जाडी नळीच्या पोकळीला साजेशी आहे का? नळीत धरून राहायला लागणारे अवयव त्याच्याकडे आहेत का? त्याच थरात तितक्याच आकाराचे दुसऱ्या जातींचे प्राणीही नळ्यांत शिरलेले दिसतात का? गाळाने ढकललं असेल तर तो जात पाहून ढकलणार नाही.

स्पार्टोब्रँकस आणि ओएसिया दोन्ही नळीबाहेरही सापडतात. त्याने पुरावा कमजोर होत नाही. ओएसियाबद्दल तर लेखकांनी स्पष्टच म्हटलं आहे की त्याचं नळीत राहणं ऐच्छिक होतं, गरज पडली तर तो बाहेर पडू शकत होता. चिखलाचा लोंढा आल्यावर काही प्राणी नळी सोडून निघाले असतील, हेही अगदी शक्य आहे.

या नळ्या कशाच्या बनलेल्या होत्या?

क्लाउडिनाची कॅल्शियम कार्बोनेटची. गांगतौकुनियाची फॉस्फेटची. सेल्किर्किया, स्पार्टोब्रँकस आणि ओएसिया यांच्या सेंद्रिय, लवचीक. एडियाकरन-कॅम्ब्रियनच्या सीमेवर पूर्व युरोपात सॅबेलिडायटीस नावाच्या बारीक सेंद्रिय नळ्या सापडतात, त्यांच्या भिंतीत कायटिन असावं असं सूक्ष्मदर्शकी अभ्यास सांगतो. सेंद्रिय नळ्या सहसा कुजतात. त्यामुळे दगडात टणक नळ्या जास्त दिसल्या तरी त्या काळच्या समुद्रात मऊ नळ्या कमी होत्या असं मानू नये.

नळी बांधण्याची गरजच का पडली?

शत्रू, हे एक कारण, आणि त्याचा प्रत्यक्ष पुरावा आहे. चीनच्या शान्शी प्रांतातल्या क्लाउडिनांच्या नळ्यांवर बारीक गोल भोकं आहेत. १९९२ मध्ये स्टेफान बेंग्टसन आणि युए झाओ यांनी दाखवलं की ती भोकं कुणीतरी पोखरून पाडलेली आहेत आणि भोकाचा आकार नळीच्या जाडीच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे पोखरणारा आपल्या मापाची शिकार निवडत होता. त्याच थरांत सायनोट्युब्युलायटीस नावाच्या, अनेक पदरी भिंतीच्या नळ्या आहेत. त्यांच्यावर अशी भोकं मिळाली नाहीत. कॅम्ब्रियनच्याही आधी शिकारी आणि सावज यांच्यातली चढाओढ सुरू झालेली होती!

दुसरं कारण अन्न. तळाला लागून पाण्याचा प्रवाह मंद असतो. थोडं वर उठलं की वेग वाढतो आणि वाहत येणारे अन्नकणही. उभ्या नळीने मऊ प्राण्याला ती उंची दिली. ओएसियाची भोकांची नळी यासाठीच होती असं दिसतं.

मग आजच्या बहुतेक ॲकॉर्न कृमींनी नळी का सोडली?

नांग्लू आणि सहकाऱ्यांचा तर्क असा: शिकारी वाढत गेले तसं उघड्यावर उभं राहणं महाग पडू लागलं. काही वंशशाखा गाळात खोल शिरल्या. तिथे नळीची गरज उरली नाही, पाणी गाळण्याऐवजी गाळ गिळून त्यातलं अन्न काढणं सोयीचं झालं, आणि कल्लाविदरांचा पसाराही कमी झाला. दुसरी शाखा उलट वाटेने गेली: अंग बारीक केलं, नळी ठेवली, वसाहती केल्या. त्या वाटेने ग्रॅप्टोलाइट आले. त्यांच्या वसाहतींचे करवतीच्या पात्यासारखे ठसे ऑर्डोव्हिशियन आणि सिल्युरियन खडकांचं वय ठरवायला जगभर वापरतात. आजचा ऱ्हॅब्डोप्लुरा हा याच घराण्यातला जिवंत वंशज.

वलयी कृमींच्या नळ्यांचा जुना पुरावा आहे का?

आहे. गांडुळं, जळवा आणि आपल्या कालवांवरचे सर्प्युलिड ज्या संघात येतात, त्या वलयी प्राण्यांपैकी डॅनीकीटा हा युन्नानमधला सुमारे ५१.४ कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तो नळीत सापडला, आणि आजच्या मॅजेलोना व ओवेनिया या कृमींच्या कुळांशी त्याचं नातं जुळतं. जनुकीय अभ्यास याच कुळांना वलयी प्राण्यांच्या वंशवृक्षाच्या बुंध्याशी ठेवतात. जीवाश्म आणि जनुकं इतकी नेमकी एकमेकांना दुजोरा देतात असं क्वचित घडतं.

भारतात, महाराष्ट्रात असे जीवाश्म मिळतात का?

महाराष्ट्रात नाही. राज्याचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टखाली आहे. चंद्रपूर-यवतमाळकडचे चुनखडक किंवा सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडचे कलादगी खडक कॅम्ब्रियनहून फार जुने, आणि गोव्याचे त्याहून जुने. मधला नेमका कालखंड आपल्याकडे उघडा पडलेलाच नाही. घाटातल्या दगडात गोल नळीसारखं काही दिसलं तर ती लाव्हारसातल्या वायूंची पोकळी समजावी, त्यात पुढे खनिजं भरलेली असतात.

देशात इतरत्र आहेत. राजस्थानात मारवाडच्या नागौर समूहात ट्रेप्टिक्नस पेडमची बिळं नोंदलेली आहेत. स्पितीच्या पराहिओ खोऱ्यात कॅम्ब्रियनचे समुद्री थर आहेत. कच्छच्या ज्युरासिक वालुकाश्मांत उभी बिळं मुबलक, पण ती पुष्कळ अलीकडची.

मध्य प्रदेशातल्या विंध्य खडकांचा उल्लेख अनेक जण करतात. सोन नदीच्या खोऱ्यातल्या चोरहाट वालुकाश्मावरच्या वळणदार खुणा १९९८ मध्ये अडॉल्फ झायलाखर, प्रदीप बोस आणि फ्रीडरिश फ्ल्यूगर यांनी कृमींसारख्या प्राण्यांची बिळं म्हणून ‘सायन्स’मध्ये मांडल्या, शंभर कोटी वर्षांहून जुन्या. पुढे किरणोत्सारी कालमापनाने त्या खडकांचं वय सुमारे १६० कोटी निघालं. इतक्या जुन्या प्राण्यांचा जगात दुसरा कुठलाच पुरावा नाही, त्यामुळे आज बहुतेक अभ्यासक त्या खुणा सूक्ष्मजीवांच्या थरांशी आणि गाळाला पडलेल्या भेगांशी जोडतात. समाजमाध्यमांवर ‘जगातले पहिले प्राणी भारतात’ म्हणून फिरणारा मजकूर या खडकांबद्दलचा असतो. तो पुढे पाठवू नये.

हे नमुने प्रत्यक्ष कुठे पाहता येतील?

टोरांटो आणि आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना हे सहज जमण्यासारखं आहे. रॉयल ऑन्टॅरिओ म्युझियममध्ये जीवनाच्या आरंभकाळाला वाहिलेलं स्वतंत्र दालन डिसेंबर २०२१ पासून खुलं आहे आणि बर्जेस शेलचा मोठा संग्रह याच संस्थेकडे आहे. मुलांना घेऊन गेलात तर काचेसमोर एकाच जागी उभं राहू नका. दोन पावलं बाजूला सरका, थोडं वाका. हे जीवाश्म ठराविक कोनातूनच दिसतात.

बर्जेस शेलच्या मूळ जागी, ब्रिटिश कोलंबियातल्या वॉलकॉट खाणीपर्यंत जायचं तर वाटाड्याबरोबरच जाता येतं. उन्हाळ्यातले मोजके महिने, जाऊन-येऊन सुमारे २२ किलोमीटरची डोंगरवाट, आणि जागा आधी राखून ठेवावी लागते. सह्याद्रीत फिरायची सवय असलेल्यांना चढ कठीण जाणार नाही, दिवस मात्र पूर्ण लागतो. तिथला दगड, अगदी चिमूटभर कपची सुद्धा, उचलून आणणं हा कायद्याने गुन्हा आहे. फोटो हवे तेवढे काढा, आणि सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात काढा, म्हणजे कार्बनचा थर चमकतो.